हातचं न राखता शिकवायचं कसं: लहान वर्कशॉपमध्ये सेटिंगचा वेळ कमी करण्याची पद्धत

भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आमच्याकडे शुक्रवारी सकाळी सीएनसी टर्निंग सेंटरवर (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथवर) नवा जॉब, म्हणजे बनवायचा नवा भाग, लावायचा असला, की पहिला प्रश्न ठरलेला: मामा आलेत का? मामा म्हणजे आमचे सेटर, नव्या जॉबसाठी मशिन लावून देणारे. आले असतील तर दीड तासात मशिन चालू. नाही आले तर ऑपरेटर मशिन पुसत बसणार, मी मामांना फोन लावत बसणार, आणि ते गावाकडून एसटीच्या गोंगाटात "एक्सला मायनस टाका, मायनस" असं ओरडून सांगणार.

कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं हे सगळ्यांनाच मान्य असतं. प्रत्यक्षात ते दोन प्रकारे उरकलं जातं. एक, हॉलमध्ये बसवून प्रोजेक्टरवर काहीतरी दाखवायचं आणि हजेरीच्या कागदावर सही घ्यायची, म्हणजे ऑडिटला फाईल तयार. दुसरं, नव्या पोराला जुन्या माणसाशेजारी उभं करून "बघून बघून शीक" म्हणायचं. पहिल्यातून काहीच होत नाही. दुसऱ्यातून होतं, पण दोन वर्षं लागतात, आणि पोरगा मामांच्या चुकाही सोबत उचलतो.

पुढची पद्धत वीस-पंचवीस माणसांच्या मशिनशॉपला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पॅकिंग, शिलाई किंवा बेकरी चालवणाऱ्यांनी शब्द बदलून घ्यावेत, गाडी त्याच रुळावरून जाते.

आधी तक्ता, मग बाकी सगळं

एका मोठ्या कागदावर डावीकडे माणसांची नावं लिहा, वर कामं लिहा. 'सीएनसी ऑपरेटर' असं मोघम काम नको. जॉ (जॉब पकडणारे जबडे) बदलून बोअर करणं (आतून मापात कापणं), टूल ऑफसेट (हत्याराच्या जागेचा आकडा) घेणं, वेअर ऑफसेट (हत्याराच्या झिजेपोटीची दुरुस्ती) टाकणं, बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) झीरो करणं, पहिला पीस तपासणं, असे तुकडे करा. प्रत्येक चौकोनात चारपैकी एक खूण: येत नाही, कुणी शेजारी असेल तर येतं, एकट्याला येतं, दुसऱ्याला शिकवता येतं.

हा तक्ता केबिनमध्ये बसून भरू नका, मशिनपाशी उभं राहून भरा. मी पहिल्यांदा केबिनमध्ये भरला आणि साफ चुकलो. ज्याला 'सगळं येतं' असं मी धरलं होतं त्याला मायक्रोमीटर नीट वाचता येत नव्हता. तो प्रत्येक वेळी शेजाऱ्याकडून आकडा विचारून घ्यायचा आणि हे शॉपमध्ये माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

ज्या उभ्या रकान्यात 'एकट्याला येतं' अशी एकच खूण आहे आणि ते काम आठवड्यातून अनेकदा करावं लागतं, तिथून सुरुवात करायची. आमच्याकडे तो रकाना सेटिंगचा होता, तुमच्याकडे कदाचित दुसरा निघेल. एका वेळी एकच काम घ्या. पाच कामांचं प्रशिक्षण एकदम काढणाऱ्या मालकाचं उत्साहाचं वारं दुसऱ्या आठवड्यात पडतं.

सेटिंगचा व्हिडिओ काढा, पण सांगून

आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून पुढच्या जॉबचा पहिला चांगला पीस निघेपर्यंतचा वेळ म्हणजे सेटिंगचा वेळ. तो मोजायला मोबाईल पुरतो. स्टँडवर लावून अख्खी सेटिंग रेकॉर्ड करायची.

इथे एक धोका आहे. हातात घड्याळ दिसलं की कामगाराला कळतं, आता टार्गेट वाढणार. त्यामुळे काय मोजतोय आणि कशासाठी ते आधी सांगा, आणि व्हिडिओ सर्वांत आधी त्याच माणसाला दाखवा. स्वतःचा व्हिडिओ बघताना मामांनी दहाव्या मिनिटाला तो थांबवला. म्हणाले, "साहेब, मी एवढा चालतो?"

आमचा हिशेब असा निघाला. जॉ शोधून आणायला १७ मिनिटं. इन्सर्टसाठी (हत्याराच्या बदलता येणाऱ्या धारेसाठी) टूलरूमच्या फेऱ्यांत १२ मिनिटं. जॉ लावून बोअर करणं १८. टूल लावणं आणि ऑफसेट २४. पहिला पीस काढून मोजणं १५. तपासनीसाची वाट बघणं ८. एकूण ९४ मिनिटं. आम्ही मामांच्या हाताच्या वेगाबद्दल बोलत होतो, आणि त्यातली ३७ मिनिटं हाताची नव्हतीच, पायांची आणि वाट बघण्याची होती.

जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९५० सालापासून याच गोष्टीचा पाठपुरावा केला. सेटिंगच्या कामाचे त्यांनी दोन भाग पाडले: मशिन थांबवूनच करता येणारं आणि मशिन चालू असतानाच उरकता येणारं. १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसची डाय (साचा) बदलायला चार तास लागत होते. सहा महिन्यांत ते काम दीड तासावर आलं आणि पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. आपल्या शॉपमध्ये तीन मिनिटांची स्वप्नं बघायची गरज नाही. पुढच्या जॉबचे जॉ, इन्सर्ट, गेज, ड्रॉइंग आणि चाव्या एका ट्रॉलीवर आधीच मांडून ठेवणं हेल्परलाही शिकवता येतं, आणि ते शिकवायला एक दिवस लागतो. आमची २९ मिनिटं तिथेच गेली. खरं प्रशिक्षण सुरू होण्याआधीच.

पायरी, मर्म, कारण

आता लिहिण्याचं काम. कागदाला तीन रकाने करा. पहिल्यात कामाची पायरी, दुसऱ्यात त्या पायरीचं मर्म, तिसऱ्यात मर्माचं कारण.

ही रचना माझी नाही. १९४० मध्ये अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. जुने कारागीर सैन्यात गेले, कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेले स्त्री-पुरुष मशिनवर आले, आणि त्यांना वर्षांऐवजी आठवड्यांत तयार करायचं होतं. १९४५ मध्ये तो तिथे बंद झाला, युद्धानंतर जपानमध्ये पोहोचला आणि टोयोटाने त्यातली शिकवण्याची पद्धत उचलून धरली. तिचं मूळ आणखी मागचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात चार्ल्स ॲलन यांनी जहाजबांधणीतल्या कामगारांना शिकवताना चार टप्पे ठरवले होते, तेच पुढे यात आले.

मर्म म्हणजे काय याच्या तीनच कसोट्या आहेत: ज्याने जॉब बनतो किंवा बिघडतो ते, ज्याने माणसाला इजा होऊ शकते ते, आणि ज्याने काम सोपं होतं ते. बाकी सगळं पायरीत येतं किंवा येतच नाही.

मामा सुरुवातीला म्हणाले, "हे लिहून काय होणार? हाताला कळतंय ते." मग मी मशिनपाशी उभा राहून त्यांच्या प्रत्येक हालचालीला "हे का?" विचारत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या. त्यातून निघालेल्या कागदाचा काही भाग असा:

पायरी: सॉफ्ट जॉ (कापून मापात आणता येणारे) चकवर (जॉब धरून फिरवणाऱ्या भागावर) बसवा. मर्म: चकचे आणि जॉचे दाते ब्रशने साफ करा, आणि तिन्ही जॉ मोजून सारख्याच दात्यावर बसवा. कारण: दात्यात एक चिप अडकली तर जॉ तिरका बसतो. एक जॉ एका दात्याने पुढे-मागे असेल तर जॉब मध्यावर येत नाही.

पायरी: जॉ बोअर करा. मर्म: आत रिंग पकडून, जॉबसाठी जेवढं चक प्रेशर ठेवणार तेवढ्याच प्रेशरवर बोअर करा. कारण: जॉवर ताण नसताना बोअर केलं, तर जॉब पकडल्यावर जॉ उघडे पडतात आणि रनआउट येतो, म्हणजे जॉब डगमगत फिरतो.

पायरी: वेअर ऑफसेट टाका. मर्म: आमच्या फानुक कंट्रोलवर (मशिन चालवणाऱ्या संगणकावर) 'प्लस इनपुट' दाबा, नुसतं 'इनपुट' नाही. टाकण्याआधी आकडा मोठ्याने म्हणा. कारण: 'प्लस इनपुट'ने जुन्या आकड्यात भर पडते, 'इनपुट'ने जुना आकडा पुसला जाऊन नवा बसतो.

या शेवटच्या ओळीची किंमत आम्ही आधीच मोजली होती. व्यास ३०.०० हवा होता, ३०.०४ येत होता. ऑपरेटरने बरोबर उणे ०.०४ टाकलं, पण 'इनपुट' दाबलं. आधीची उणे ०.१२ ची नोंद पुसली गेली. पुढचा पीस लहान होण्याऐवजी मोठा आला, तो गोंधळला, त्याने आणखी मोठा उणे आकडा टाकला आणि त्यापुढचे पीस भंगारात. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये आम्ही कारण लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. निष्काळजीपणा कुठला? दोन बटणांत फरक आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक सेटिंग एका पानात बसली पाहिजे. दहा पानी कागद ऑडिटरला दाखवायला बरा, मशिनवर तो कुणी उघडत नाही. भाषा शॉपमधली ठेवा: 'चक', 'जॉ', 'बर'. शब्दकोशातून शोधून काढलेले प्रतिशब्द नकोत. आमच्याकडे मराठवाड्यातली पोरं आहेत तशी बिहार आणि ओडिशातलीही आहेत, म्हणून एक प्रत मराठीत, एक हिंदीत, आणि फोटो दोन्हींत तेच.

शिकवणाऱ्याला आधी शिकवा

उत्तम सेटर उत्तम शिक्षक असेलच असं नाही. बहुतेकदा उलटं असतं. ज्याच्या हातात काम मुरलंय, त्याला आपण काय करतो हे दिसेनासं झालेलं असतं. "थोडं टाईट कर" म्हणतो, आणि थोडं म्हणजे किती हे त्याचं मनगट जाणतं.

अमेरिकेतल्या त्या कार्यक्रमात यावर एक छान प्रयोग होता. विजेच्या वायरला मारायची एक साधी गाठ शिकवायची. आधी नुसतं बोलून, मग नुसतं करून दाखवून. दोन्ही वेळा समोरच्याला गाठ जमायची नाही, आणि वर्गातल्या फोरमनांना कळायचं की आपण शॉपमध्ये नेमकं हेच करतो. आम्ही गाठीऐवजी फेटा घेतला. मामा फेटा झकास बांधतात. त्यांना म्हटलं, हात पाठीमागे ठेवून, फक्त तोंडाने सांगून या पोराला फेटा बांधायला लावा. पाच मिनिटांनी पोराच्या डोक्यावर जे झालं होतं त्याला फेटा म्हणता आलं नसतं. सगळे हसले, मामाही. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी अडचण नाजूक आहे. जुना माणूस हातचं राखून शिकवतो. त्याला दोष देऊ नका, त्याच्या जागी बसून बघा: 'सेटिंग मलाच येते' एवढीच त्याच्या नोकरीची हमी असते. ती काढून घेताय तर बदल्यात काहीतरी हातात द्या. आम्ही तक्त्यातल्या 'शिकवता येतं' या खुणेला पगारातला वेगळा भत्ता जोडला आणि ते कागदावर लिहून दिलं. शिवाय नव्या जॉबचं फिक्स्चर (जॉब पकडायची मांडणी) ठरवताना मामांना बसवायला सुरुवात केली. नुसत्या "मामा, तुमच्या अनुभवाचा फायदा द्या" या भाषणावर कोण कशाला विसंबेल?

प्रत्यक्ष शिकवताना

एका वेळी एकच माणूस, आणि तोही मशिनवर. वेळ पहिल्या शिफ्टमध्ये, कामाच्या तासांतच. सुट्टीच्या गुरुवारी बोलावून शिकवायचा मोह होतो, कारण मशिन मोकळं असतं. पण माणूस मनाने घरी असतो, आणि बोलावलंत तर त्या वेळेचे पैसे देणं आलंच.

पहिला टप्पा तयारीचा. त्याला हातात काही देण्याआधी विचारा, यातलं काय येतं? भीती कशाची वाटते? आमच्या एका पोराला मशिन ठोकण्याची भीती होती, कारण आधीच्या ठिकाणी टरेट (हत्यारं धरणारा फिरता भाग) चकवर आदळला होता आणि पैसे त्याच्या पगारातून कापले होते. हे कळलं नसतं तर तो बटण दाबायला का कचरतो हे आम्हाला कधीच उमगलं नसतं. आणि त्याला उभं करायचं ते मामांच्या बाजूला, समोर नाही. समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं दिसतं.

दुसरा टप्पा करून दाखवण्याचा, आणि तोही तीनदा. पहिल्या वेळी फक्त पायऱ्या सांगत. दुसऱ्या वेळी पायऱ्या आणि मर्म. तिसऱ्या वेळी कारणांसह. एकदम सगळं ओतलं तर भांडं भरून वाहतं. पूर्ण सेटिंग एका दिवसात घेऊ नका. पहिल्या दिवशी फक्त जॉ, एवढं पुरे.

तिसरा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच गाळतात. आता पोराने करायचं, मामांनी हात मागे बांधून उभं राहायचं. पहिल्यांदा त्याने गुपचूप करावं, चूक दिसली तर तिथल्या तिथे थांबवावी. मग पुन्हा करताना त्याने पायऱ्या बोलून दाखवाव्यात, मग मर्म, मग कारण. "का?" याचं उत्तर त्याच्या तोंडून आलं की समजायचं, उतरलंय. "समजलं का?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी "हो" असतं.

पहिला पीस काढताना रॅपिड ओव्हरराइड (मोकळ्या हालचालीचा वेग) २५ टक्क्यांवर किंवा त्याहून कमी, सिंगल ब्लॉक (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवणं) चालू, आणि एक हात फीड होल्डपाशी (हालचाल थांबवणाऱ्या बटणापाशी). हे तीन महिन्यांनी विसरलं जातं. म्हणून आमच्या कागदावर ते लाल अक्षरात आहे.

चौथा टप्पा म्हणजे त्याला सोडणं. त्याला एकट्याला जबाबदारी द्या, अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगा, पहिले काही दिवस रोज दोनदा फिरकून या, मग दिवसातून एकदा, मग आठवड्यातून. रात्रपाळीत एकट्याला लगेच टाकू नका. रात्री विचारायला कुणी नसतं आणि झोप असते.

या पद्धतीत एक वाक्य फार जुनं आहे: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. ते मशिनवर चिकटवू नका, कामगाराला त्याचा उपयोग नाही. सुपरवायझरच्या टेबलावर लावा.

पैशांचा हिशेब, प्रामाणिकपणे

तीन महिन्यांनी आमची सेटिंग ९४ वरून ५२ मिनिटांवर आली. ट्रॉलीची २९ मिनिटं, ऑफसेटमधली ८, आणि पहिला पीस शॉपवरच मोजायला शिकवल्यामुळे तपासनीसाची वाट बघण्यातली ५.

वाचलेली ४२ मिनिटं, दिवसाला दोन सेटिंग, महिन्याचे २५ दिवस: २१०० मिनिटं, म्हणजे ३५ तास. मशिनचा ऑपरेटरसह तासाचा दर ४०० रुपये धरला तर महिन्याला १४,००० रुपये. खर्चाच्या बाजूला शिकवण्याचे ३० तास. त्या वेळात उत्पादन निम्मं धरलं तर १५ तास गेले, म्हणजे ६,०००. वाया गेलेले पीस आणि इन्सर्ट ३,०००. मामांचे ३० तास १५० रुपयांनी ४,५००. एकूण १३,५००. दर तुमचे टाका, आकडेमोड हीच.

पण यात एक खोट आहे. वाचलेले ३५ तास भरायला ऑर्डर असतील तरच ते १४,००० खरे. काम नसेल तर मशिन लवकर सुरू होऊन लवकर बंद होईल, एवढंच. अशा वेळी फायदा दुसरीकडून घ्यायचा: ओव्हरटाईम कमी करा, किंवा लॉट लहान करा. सेटिंगला दीड तास लागतो म्हणून आपण ५०० पीसची गरज असताना १२०० काढून ठेवतो आणि त्या रॅकमध्ये आपलाच पैसा गंजत पडतो. सेटिंग स्वस्त झाली की लॉट लहान करायचं धाडस होतं. मला विचाराल तर खरी कमाई तिथे आहे.

"शिकवला की सोडून जातो"

जातो. चाकणला दोन-तीन हजार जास्त मिळाले की जाणारच, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. यावर माझ्याकडे रामबाण नाही. एक केलं: तक्त्यातल्या खुणा वाढल्या की पगार किती वाढेल हे आधीच भिंतीवर लिहून ठेवलं, म्हणजे वाढ मागायला त्याला राजीनाम्याचा कागद दाखवावा लागत नाही. दुसरं, जो गेला त्याचा कागद आपल्याकडे राहतो, आणि पुढचा माणूस दोन वर्षांऐवजी काही आठवड्यांत उभा राहतो.

नवी माणसं आयटीआयमधून ॲप्रेंटिस म्हणून घेता येतात. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला कंत्राटी धरून अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. चार माणसांपासून पुढच्या लहान शॉपला ते ऐच्छिक आहे. नोंदणी ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर होते आणि स्टायपेंडचा काही हिस्सा केंद्र सरकार उचलतं. त्यांना झाडू मारायला आणि चहा आणायला ठेवायचं असेल तर मात्र घेऊ नका.

मोजत राहायचं काय

दर महिन्याला तक्ता पुन्हा भरा. सेटिंगचा वेळ आणि पहिल्या पीसचं रिजेक्शन फळ्यावर लिहा. कागदावर पोरांनी पेनाने केलेल्या दुरुस्त्या पुसू नका, त्यातल्या बऱ्याच बरोबर निघतात. आमच्या कागदात बोअर गेज झीरो करण्याची जी पायरी आहे, ती शिकून दोन महिनेही न झालेल्या पोराने सुचवलेली आहे, आणि मामांनी ती कुरकुरत का होईना मान्य केली.

मी आणखी एक आकडा डायरीत ठेवतो: मामा रजेवर असताना शॉपमधून त्यांना गेलेले फोन. गेल्या वर्षी गावच्या जत्रेला ते चार दिवस गेले होते, तेव्हा अकरा फोन झाले. या वर्षी दोन. त्यातला एक मीच केला होता, टूलच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते विचारायला.